पडदा कुणासाठी हलतो?

(कर्वेनगर, पुणे येथे दिलेल्या व्याख्यानाचे संक्षिप्त शब्दांकन)

तत्त्वज्ञानाच्या माणसाने मोबाईलच्या पडद्यावर काय बोलायचं, असं काहींना वाटलं असेल. पण त्यासाठी लागणारे शब्द आपल्या वैशेषिकांनी केव्हाच घडवून ठेवले आहेत. 'कर्म' या पदार्थाचे त्यांनी पाच प्रकार सांगितले: उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण आणि गमन. वर टाकणं, खाली टाकणं, आखडणं, पसरणं आणि जाणं. आता खिशातला फोन काढून बघा. त्या काचेवर या पाचांपलीकडे फारसं काही घडत नाही.

त्याहून मजेची गोष्ट 'संस्कार' या गुणाची आहे. त्याचे तीन प्रकार आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. नावांच्या यादीला बोटाने झटका दिला की बोट उचलल्यावरही ती धावत राहते, हा वेग. शेवटाला पोचली की ताणल्यासारखी होऊन मागे येते, हा स्थितिस्थापक. 2007 साली आयफोन आला तेव्हा जगाला भूल पडली ती बरीचशी या दोघांची. तिसरी भावना, म्हणजे अनुभवाचा मनावर राहिलेला ठसा. त्यातूनच पुढे स्मृती होते. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की पडद्यावरची हालचाल भावनेच्या कामी आली तर ती उपयोगाची. नाहीतर ती नुसती शोभा, आणि तिचं भाडं आपण वेळेच्या रूपाने भरतो.

मुळात पडद्यावर काहीच हलत नाही, हे लक्षात घ्या. ठिपके उजळतात, विझतात. गती आपण पाहतो. एवढंच नव्हे, कारणही पाहतो. बेल्जियन मानसशास्त्रज्ञ आल्बेर मिशोत यांचं कार्यकारणाच्या प्रत्यक्ष जाणिवेवरचं पुस्तक 1946 साली आलं. एक आकृती दुसरीला जाऊन भिडते आणि लगेच दुसरी निघते, तेव्हा 'पहिलीने ढकललं' असं आपल्याला सरळ दिसतं. मध्ये सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढा खंड पडला की तो भास मोडतो. बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, म्हणून आपण पुन्हा दाबतो, ते का, हे यातून कळतं. याकोब नील्सन यांनीही एक दशांश सेकंदाची मर्यादा सांगितली आहे. तेवढ्या वेळात उत्तर आलं तर 'मी केलं' असं वाटतं. म्हणजे थोडी हालचाल ही चैन नाही. कर्तेपणाची ती खूण आहे.

चिन्हावर टिचकी मारली आणि ॲप त्याच चिन्हातून उमलून आलं, बंद करताना तिथेच मिटलं, तर कुठून आलो आणि कुठे परतलो हे न सांगता कळतं. हे चांगलं काम. पण 2013 मध्ये आयओएस 7 आलं, त्यात हेच उमलणं आणि मागच्या चित्राचं सरकणं एवढं वाढलं की काहींना घेरी येऊ लागली. सौम्य हालचालीची सोय थोड्याच आठवड्यांत सुधारावी लागली. तत्त्व तेच होतं, प्रमाण सुटलं होतं.

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊ. आयआयटी मुंबईच्या आयडीसीमध्ये तयार झालेला 'स्वरचक्र' हा कळफलक. त्यात कळा वर्णमालेच्या क्रमाने आहेत. 'क' वर बोट ठेवलं की भोवती चक्र उघडतं: का, कि, की, कु... बोट त्या दिशेला सरकवून उचला, अक्षर उमटतं. पायमोडका 'क्' निवडला की बाकीच्या कळांवर जोडाक्षरं दिसतात. मराठी टंकन कधीही न शिकलेला माणूस यावर लिहू शकतो, कारण पडदा बदलतो तो पुढचा पर्याय दाखवण्यासाठी. आणि सरावाने दिशा बोटात बसते, चक्राकडे पाहावंही लागत नाही. ही खरी भावना. दोष आहे: चक्राचा काही भाग आपल्याच हाताखाली झाकला जातो. पण हा जागेचा दोष आहे, हेतूचा नाही.

याच्या शेजारी पैसे देण्याच्या ॲपमधला तो दिमाखदार बरोबरचा शिक्का ठेवून बघा. पडदाभर हिरवं वर्तुळ फिरतं, खूण उमटते, काही ठिकाणी कागदाचे तुकडेही उडतात. भाजीवालीला हवं असतं काय? रक्कम किती आणि मिळाली का. ती त्या पडद्याकडे बघतही नाही; गाडीवरच्या बोलक्या डब्यावर कान ठेवते. न्यायाच्या भाषेत ती प्रमाण मागते आहे, आणि पडदा तिला उत्सव दाखवतो आहे. अशा खोट्या खुणा दाखवून फसवणारेही आहेत. जिथे पैसा आहे तिथे हालचालीने आकडा झाकणं ही केवळ रुचीची चूक राहत नाही.

दुसरा प्रकार आम्हा म्हाताऱ्यांच्या ओळखीचा. बोट खाली येतंय तोवर वरून जाहिरात घसरते, सगळं हातभर खाली जातं आणि बोट भलतीकडे पडतं. पुढे आम्हालाच ऐकवतात, "आजोबा, नीट दाबा ना!" वस्तू जागेवर राहील हा भरवसा पडद्याने मोडला, आणि ठपका आला थरथरत्या हातावर.

[श्रोत्यांतून प्रश्न: मग ॲनिमेशन बंदच करावं का?]

नाही. सगळं काढलं तर पानं दचकून बदलतील आणि आपण हरवू. तीन गोष्टी विचारा. ही हालचाल मला काही सांगते का? शंभराव्या वेळीही ती सोसवेल का? आणि ती चालू असताना माझं बोट ऐकलं जातं का? हालचाल संपेपर्यंत स्पर्श न घेणारा पडदा म्हणजे खिडकीवर 'थांबा' म्हणणारा कारकून.

अँड्रॉइडमध्ये ॲनिमेशन काढण्याची सोय आहे, आयफोनमध्ये हालचाल कमी करण्याची. पण दोन्ही 'ॲक्सेसिबिलिटी'च्या पोटात, जणू शांत पडदा मागणं हे व्यंगच. माझी तक्रार तिथे आहे. फोन पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा भाषा विचारतात ना? तशीच गतीही विचारावी.