फळ्याआड ठेवलेले डबे

शाळेतल्या गणिताची आठवण निघाली की मराठी मध्यमवर्ग हसतो. छडी घेऊन उभे असलेले मास्तर, पाठ न झालेली पावकी-निमकी, कोरी सोडलेली उत्तरपत्रिका ही त्याच्या ललितलेखनातील हुकमी गंमत आहे. नापास होऊनही त्याचे फारसे बिघडत नाही, म्हणून त्याला हसता येते. खारेपाटणच्या परिसरात चिरेखाणीवर राबणारा माणूस ‘माका गणित कधी जमला नाय’ म्हणतो, तेव्हा तो गंमत सांगत नसतो. तो स्वतःविरुद्ध निकाल देत असतो. हा निकाल मुळात लिहिला कोणी?

‘बलुतं’पासून (१९७८) ‘आयदान’पर्यंत (२००३) दलित आत्मकथनांतील शाळा आपण वाचली ती अपमानाची जागा म्हणून. बसायचे कुठे, पाणी कोण देणार, मार कशासाठी बसला, हे आपल्या समीक्षेने नेमके टिपले. ते आवश्यकच होते. पण त्या शाळेत शिकवले काय जात होते आणि त्यातले कोणापर्यंत पोचत होते, हा प्रश्न आपण बाजूला ठेवला.

बाबासाहेबांच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधील एक प्रसंग चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवला आहे. शिक्षकांनी भीमरावांना उदाहरण सोडवण्यासाठी फळ्याकडे बोलावले, आणि फळ्याआड ठेवलेले आपले जेवणाचे डबे हलवायला सवर्ण मुले धावली. हा प्रसंग आपण शिवाशिवीचा म्हणून सांगतो. तो गणित शिकण्याचाही आहे. गणित येते ते चुकत चुकत. फळ्याशी जायचे, चुकायचे, पुसायचे आणि पुन्हा मांडायचे. ज्याच्या फळ्याजवळ जाण्यानेच वर्ग बाटतो, त्याला चुकण्याचा अधिकार नसतो. बाबासाहेब या व्यवस्थेवर मात करून १९०७ साली मॅट्रिक झाले. पण जे मागच्या ओळीतच राहिले, त्यांनी वर्गाचा नकार स्वतःच्या बुद्धीचा दोष मानला.

हिशेब ही सत्ता आहे, हे खारेपाटणला कोणी नव्याने सांगायला नको. येथे सापडलेल्या शिलाहार राजा रट्टराज याच्या १००८ सालच्या ताम्रपटात परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे देवस्थानाला किती सोने द्यायचे, ते कोरलेले आहे. पुढे कोकणात खोती आली. धान्य कुळाने पिकवायचे, अर्धेलीचा हिशेब खोताने मांडायचा. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मोडी-बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेबाचे शिक्षण मागितले, आणि बाबासाहेबांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. या दोन मागण्या एकमेकींपासून दूर नाहीत.

आमच्या माणसांना मोजता येत नव्हते, हेही खरे नाही. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’मधील आई बांबूची आयदाने विणते. कोणती पट्टी वर, कोणती खाली, याची मोजणी चुकली तर वीण बिघडते. भिंतीला चिरे किती लागतील, हे गवंडी कागदाशिवाय सांगतो. शाळेने या हातांना ‘ढ’ म्हटले.

मात्र एवढ्या गौरवावर थांबणे ही फसवणूक ठरेल. हाताच्या हिशेबाने दहावीचे बीजगणित सुटत नाही, आणि ते सुटल्याशिवाय पुढचे अनेक दरवाजे उघडत नाहीत. आईबापांनी शाळेतून घरी आणलेला निकाल आज ‘आपल्यात कोणाला गणित येत नाही’ या शब्दांत मुलांच्या पदरात पडतो. जातीने दिलेला शेरा घरातच रक्ताचा गुण होऊन बसतो.

म्हणून आत्मकथन लिहिणाऱ्यांकडे एक मागणी आहे. गणिताचा तास लिहा. फळ्याकडे तुम्हाला कोणी बोलावले, कोणी कधीच बोलावले नाही, पहिले उदाहरण कसे सुटले आणि कोणते कायमचे अडले, ते लिहा. वर्गावर उभ्या असलेल्या आपल्या शिक्षकांना तर लिहिण्याचीही वाट पाहायची गरज नाही. मागच्या ओळीतल्या मुलाच्या हातात त्यांनी उद्याच खडू द्यावा, आणि तो चुकला तर फळा पुसून तोच खडू पुन्हा त्याच्याच हातात द्यावा.