चित्रात लिहिलेला प्रोग्रॅम कोण वाचतो?

दृश्य प्रोग्रॅमिंग भाषा म्हटले की डोळ्यांपुढे येते ते मुलांचे स्क्रॅच. रंगीत ठोकळे एकाखाली एक बसवायचे आणि पडद्यावरचे मांजर चालू लागते. कोल्हापूरच्या कसबा बावड्यातून या विषयाकडे पाहिले तर मात्र दुसरीच भाषा आधी आठवते. इथे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, छत्रपती राजाराम सहकारी साखर कारखाना आहे आणि नदीपलीकडे शिरोलीच्या फौंड्र्या आहेत. अशा उद्योगांत रुळलेली दृश्य भाषा म्हणजे पीएलसीवरची, म्हणजे यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक नियंत्रकावरची, शिडीसारखी दिसणारी लॅडर. संशोधकांनी विद्यार्थ्याचा विचार पुष्कळ केला. लॅडर वाचणाऱ्या मेंटेनन्सच्या माणसाचा फार कमी केला. या क्षेत्राची मोठी उणीव मला हीच वाटते.

इतिहास उमेदीचा आहे. १९६३ मध्ये इव्हान सदरलँडचे पडद्यावर रेखाटन करू देणारे स्केचपॅड आले. १९६६ मध्ये त्याचा भाऊ विल्यम याने एमआयटीच्या प्रबंधात आकृतीच प्रोग्रॅम म्हणून चालवून दाखवली. पुढे १९७५ मध्ये पिग्मॅलियन, १९८६ मध्ये लॅबव्ह्यू आणि २००७ मध्ये स्क्रॅच या दृश्य भाषा आल्या. चित्र मजकुरापेक्षा सोपे असते, ही श्रद्धा या वाटचालीत कायम राहिली.

ती तपासली तेव्हा डळमळली. थॉमस ग्रीन आणि मरियन पेत्रे यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लॅबव्ह्यूच्या आकृत्या आणि मजकूर यांची तुलना केली. आकृतीतून उत्तर शोधायला वेळ जास्त लागला. आकृतीत काय कशाशेजारी मांडले आहे यालाही अर्थ असतो आणि तो ओळखायला नजर तयार व्हावी लागते, असे पेत्रे यांनी दाखवले. डेव्हिड वाइनट्रॉप आणि उरी विलेन्स्की यांच्या अमेरिकी हायस्कूलमधल्या अभ्यासात पाच आठवड्यांनंतर ठोकळ्यांवर शिकलेली मुले मजकुरावर शिकलेल्यांच्या पुढे होती. सर्वांनी पुढचे दहा आठवडे जावा शिकल्यावर तो फरक उरला नाही.

मग लॅडर का टिकली? डिक मॉर्ली आणि सहकाऱ्यांच्या मोडिकॉन ०८४ या पहिल्या पीएलसीपासून, म्हणजे १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून, तिची चिन्हे रिलेच्या वायरिंगच्या नकाशावरून घेतलेली आहेत. एक पायरी पाहा. डावीकडे स्टॉपचा कॉन्टॅक्ट, पुढे स्टार्टचा, उजव्या टोकाला मोटरची कॉइल. स्टार्टला समांतर मोटरचाच एक कॉन्टॅक्ट जोडला की बटण सोडले तरी मोटर चालू राहते. स्टॉप दाबला की बंद पडते. पॅनेलचे वायरिंग केलेल्याला हे शिकवावे लागत नाही. शिवाय प्रोग्रॅम चालू असताना लागलेले कॉन्टॅक्ट पडद्यावर उजळतात. ऐन गाळपात पट्टा थांबला तर कोणती अट अडली ते तिथेच दिसते.

लॅडरच्या मर्यादाही खऱ्या आहेत. आकडेमोड आली की पायऱ्या वाढत जातात आणि जुन्या-नव्या आवृत्तीतला फरक शोधणे जिकिरीचे होते. पीएलसीच्या भाषांसाठीच्या १९९३ च्या आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकाने तिच्याबरोबर मजकुरी भाषाही मान्य केल्या.

चित्र बरे की मजकूर, हा वाद त्यामुळे अपुरा आहे. वाचणारा कोण, त्याला आधी काय येते आणि काम कोणते, हे ठरल्याशिवाय त्याचे उत्तर मिळणार नाही. एकच बिघाड लॅडरमध्ये आणि मजकुरात मांडून आयटीआय झालेल्या वायरमनला आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला शोधायला द्यावा, दोघांचा वेळ आणि चुका नोंदवाव्यात. अंतिम वर्षाच्या प्रकल्पात बसेल एवढेच हे काम आहे. प्रयोगशाळा आणि कारखाना एकाच गावात असलेल्या बावड्याने ते हाती घ्यावे.