रेकॉर्डवरचं गाणं आणि माणसांतलं गाणं

गाणं स्टुडिओत पुरं होतं, हे मत कंपनीवाल्यांचं. ते आपणही नकळत मानून बसलोत. तिथं प्रत्येक वाद्य स्वच्छ ऐकू येतं, सूर हलत नाही, कुणी खोकत नाही. म्हणून ते खरं गाणं. आणि भर गर्दीत मंचावर म्हटलेलं म्हणजे त्याची मळकी नक्कल. आपल्यातली शिकली-सवरली पोरंही असंच बोलतात. कव्वालीच्या सामन्याचं रेकॉर्डिंग लावलं की म्हणतात, ‘गर्दीचा आवाज लय येते बे, ओरिजिनल लाव ना.’ ओरिजिनल म्हणजे कंपनीचं! मला हे मान्य नाही. का नाही ते सांगायला जरा लांबून यावं लागंल.

पँथर हे नाव १९७२ साली आपल्या लोकांनी अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतलं. नाव घेतलं, त्यांच्या कविता वाचल्या, त्यांच्यावर लेख लिहिले. गाणी मात्र आपण फारशी ऐकली नाहीत. मी राइस मिलमध्ये पोती वाहतो. इंग्रजी मला डिक्शनरी घेऊन जेवढी येते तेवढीच. पण रातपाळीच्या सुट्टीत मोबाइलवर एकच गाणं दोन-दोन प्रकारे ऐकायचा नाद लागला आणि त्यातून जे कळलं ते असं.

जेम्स ब्राउन हा काळा गायक. त्याची गाणी रेकॉर्डवर गाजलेली होती. त्याला न्यूयॉर्कच्या काळ्यांच्या वस्तीत, हार्लेमच्या अपोलो थिएटरात, लोकांसमोर रेकॉर्डिंग करायचं होतं. कंपनीच्या मालकाने पैसे द्यायला नकार दिला. त्याचा हिशोब सरळ होता : गाणी तर जुनीच आहेत, लोकांकडे आधीच आहेत, तीच पुन्हा कोण विकत घेईल? ब्राउनने स्वतःच्या खिशातून खर्च केला. २४ ऑक्टोबर १९६२ ला रेकॉर्डिंग झालं, १९६३ मध्ये एलपी निघाली आणि ६६ आठवडे अमेरिकेच्या खपाच्या यादीत राहिली. मालकाचा हिशोब चुकला तो कुठं? त्याला वाटलं लोक गाणं विकत घेतात. लोकांनी विकत घेतली ती त्या थिएटरातली आपली जागा. त्यात एक विरहाचं गाणं आहे. स्टुडिओत ते तीन-साडेतीन मिनिटांचं होतं, अपोलोत दहा मिनिटांच्या वर गेलं. तो एक ओळ म्हणतो आणि थांबतो. अंधारातून एक बाई किंचाळते. तो त्या किंचाळीला उत्तर देतो, मग दुसरीकडून आवाज येतो. स्टुडिओत तो एकटा रडत होता, इथं हॉल रडतो आणि तो त्याला ठेका देतो.

दुसरा बॉब मार्ली. त्याला रॉकवाला म्हणा की रेगेवाला, तो भांडणाचा विषय नाही. ‘नो वुमन, नो क्राय’ हे त्याचं गाणं १९७४ च्या ‘नॅटी ड्रेड’ मध्ये आलं. पावणेचार मिनिटं, ठेका यंत्राचा, चाल जरा घाईची. विषय म्हणाल तर आपलाच : सरकारी चाळीचं अंगण, रात्रीची शेकोटी, वाटून खाल्लेली पेज, आणि आता जवळ नसलेले साथीदार. पुढच्या जुलैत, १९७५ ला, लंडनच्या लायसियम थिएटरात त्याच्या पार्टीचे दोन रात्री कार्यक्रम झाले आणि त्यातून ‘लाइव्ह!’ हा अल्बम निघाला. इथं तेच गाणं सात मिनिटांचं आहे. ऑर्गन सुरू होतो, मार्लीने अजून तोंड उघडलेलं नाही, आणि लोकच धृपद म्हणायला लागतात. चाल संथ झालेली. त्या यंत्राच्या ठेक्याजागी आता जिवंत माणूस वाजवतो आहे आणि त्याला घाई नाही. जगभर पसरलं ते हे गाणं. स्टुडिओतलं आज कोण ऐकतं?

पण इथं नीट पाहा. लायसियमच्या लोकांना धृपद पाठ होतं ते कशामुळे? त्याच स्टुडिओतल्या रेकॉर्डमुळे. म्हणून मी स्टुडिओला शिव्या देणाऱ्यातला नाही. स्टुडिओ गाणं घरोघर पोचवतो, मग लोक ते तोंडात घेऊन परत गायकासमोर येऊन बसतात. या येण्या-जाण्यात गाणं ताजं होतं. पहिली फेरी झालीच नसती तर दुसरीत लोकांनी म्हटलं काय असतं?

नुसतं लांबवलं म्हणजेही गाणं ताजं होत नाही. डीप पर्पल या इंग्लंडच्या रॉक पार्टीने ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोत केलेलं रेकॉर्डिंग, ‘मेड इन जपान’, हे जाणकार लोक सगळ्यात मोठं मानतात. त्यातलं ‘स्मोक ऑन द वॉटर’ मला आवडतं. पण साडेचार मिनिटांचं दुसरं एक गाणं तिथं वीस मिनिटं ओढलंय. मला तर ते आखाड्यात दंड दाखवल्यासारखं वाटलं. हात तयार आहेत, कबूल. पण त्या वीस मिनिटांत समोरच्यांचं काम टाळ्या वाजवण्यापुरतं.

आणि गर्दीचा आवाज खोटाही असतो. जॉनी कॅश या गोऱ्या गायकाने १३ जानेवारी १९६८ ला कॅलिफोर्नियाच्या फॉलसम तुरुंगात कैद्यांसमोर गाणी म्हटली. तुरुंगाचं गाणं त्याने १९५५ सालीच रेकॉर्ड केलेलं, ते आता खऱ्या तुरुंगात. खुनाच्या ओळीवर कैदी आरोळी ठोकतात असं रेकॉर्डवर ऐकू येतं आणि अंगावर काटा येतो. ती आरोळी मागाहून जोडलेली आहे. शिपाई उभे असताना कैदी अशा ओळीवर ओरडतील कशाला? ते जपून बसले होते. कंपनीला त्यांची चूप नको होती. मला विचाराल तर ती चूप जास्त बोलली असती. आपल्याकडच्या काही भीमगीतांतही शिट्ट्या-टाळ्या अशाच वरून ओतलेल्या असतात, दुधात पाणी ओतावं तशा. कान देऊन ऐका : प्रत्येक कडव्याला तीच टाळी, तेवढ्याच लांबीची.

मग ओळखायचं कसं? गर्दी किती ओरडते ते सोडा. गर्दीमुळे गायकाने काय बदललं ते पाहा. काहीच बदललं नसेल तर ते स्टुडिओचंच गाणं, फक्त उघड्यावर म्हटलेलं.

आता आपल्याकडे या. आपलं गाणं मुळात स्टुडिओत जन्मलंच नाही. ते सत्यशोधकांच्या जलशातून आंबेडकरी जलशात आलं, भीमराव कर्डकांसारख्यांनी ते वस्त्यावस्त्यांत नेलं. वामनदादा कर्डक, १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला, मोठेपणी अक्षरं शिकलेला माणूस, २००४ मध्ये जाईपर्यंत गावोगाव फिरून गायला. म्हणजे मार्लीने जे लंडनला मिळवलं ते आपल्या गाण्याला पहिल्यापासून होतं. आपली गाडी उलटी चालली. मंचावरचं अर्ध्या तासाचं गाणं आधी ७८ च्या तबकडीत शिरलं, तिच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत. मग कॅसेट आली, जागा वाढली, पण सवय गेली नाही. कडवी कापली, दोन कडव्यांमधलं बोलणं कापलं, झील धरणारे चार जण होते त्यांच्या जागी कीबोर्ड आला. तरी याच कॅसेटींनी भीमगीत जिथं गायन पार्टी कधी पोचली नाही तिथं पोचवलं. मिलमधल्या माणसाला रात्रभर जागून सामना ऐकणं दरवेळी जमत नाही, हेही खरं. सकाळी पोती वाट पाहत असतात.

कुडव्यात ऐकलेल्या एका कार्यक्रमाबद्दल लिहितो. पार्टी बाहेरची होती, नाव देत नाही. रमाईवरचं एक गाणं, सगळ्यांच्या पेनड्राइव्हमध्ये असलेलं, पाच मिनिटांचं. त्या रात्री ते वीस मिनिटांच्या खाली संपलं नसेल. समोर सतरंजीवर म्हाताऱ्या बाया बसलेल्या, मागं आम्ही पोरं उभी. गायकाने दुसऱ्या कडव्यावर ढोलकी थांबवली, पेटीचा नुसता सूर धरायला सांगितला आणि एकच ओळ चारदा म्हटली. पहिल्यांदा ती स्तुती होती. दुसऱ्यांदा त्याने ती बायांकडे पाहून म्हटली, तेव्हा समोरून कुणीतरी ‘हो रे बाप्पा’ म्हणालं आणि ती ओळ त्या बाईच्या घरातली झाली. तिसऱ्यांदा तो सवाल झाला. चौथ्यांदा मान वर करून मागं उभ्या आमच्याकडे म्हटली, तेव्हा ती फिर्याद होती. आम्हा पोरांवरची. एक शब्द बदलला नव्हता. मधेच बक्षिसाची नोट आली. गायकाने गाणं थांबवून देणाऱ्याचं नाव आणि रक्कम पुकारली, दहा रुपये, आणि तिथूनच परत गाणं उचललं. शेजारच्या आजीला मी नंतर म्हटलं की हे गाणं तर मोबाइलवर आहे. ती म्हणाली, ‘राहू दे बाबू. त्यातला गाना आपल्याले आयकत नाही.’

पुढं कुणीतरी त्या रात्रीचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर टाकलं. ऐकलं. बोलणं कापलेलं, बक्षिसाची नावं कापलेली, आणि ती एकच ओळ चारदाची एकदा केलेली. पोराचा हेतू चांगला होता, त्याला गाणं स्वच्छ करायचं होतं. म्हणजे कंपनीची कात्री आता आपल्याच हातात आली आहे, कंपनी नसली तरी चालते. दहा रुपये देणाऱ्याचं नाव म्हणजे कचरा, असं त्या पोराला कुणी शिकवलं? जलसा, सामना चालतो तो या दहा-वीस रुपयांवर. ते नाव गाण्याच्या आतलं आहे.

आपल्याकडे असा लाइव्ह अल्बम आहे का? मला विचाराल तर आहे, पण तो सिनेमा आहे. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’. चौदा वर्षं त्याचं काम चाललं, २०११ मध्ये पुरा झाला. मुंबईचा शाहीर विलास घोगरे याचं गाणं पटवर्धनांनी आधी १९८५ च्या ‘हमारा शहर’मध्ये घेतलं होतं. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळ्या घालून दहा माणसं मारली. १५ जुलैला घोगरेने गळफास घेतला. नव्या सिनेमात तो जुन्या चित्रणातून पुन्हा गातो. चित्रण तेच, आवाज तोच, पण आता ऐकणारा दुसरा आहे, त्याला पुढचं माहीत आहे. गाणारा मेला तरी गाणं बदलू शकतं, हे मला तिथं कळलं. त्याच सिनेमात शीतल साठे आणि कबीर कला मंचाची पोरं गातात, आणि कॅमेरा गाणाऱ्यांवरून ऐकणाऱ्यांकडे वळतो. तिथं चेहरे बदलताना दिसतात. स्टुडिओच्या काचेमागं असा चेहरा कुठून येणार?

१४ एप्रिलला गाडीवर डीजे लागतो. मला नाचण्याचा राग नाही, आठवडाभर पोती उचलून पोरं नाचणार नाहीत तर काय करणार. पण त्या आवाजात कुणी धृपद म्हटलं तरी ते शेजारच्याला ऐकू जात नाही. छातीत नुसता ठोका बसतो. लोक पाठ असलेलं गाणं घेऊन रस्त्यावर येतात आणि ते परत द्यायला जागाच सापडत नाही.

आपल्या वस्तीत तीन-चार घरी जुन्या कार्यक्रमांच्या कॅसेटी आहेत, टेपरेकॉर्डरवर समोर बसून भरलेल्या. दोन मी पाहिल्या, फितीवर बुरशी धरायला लागली आहे. त्या आहेत तशा मोबाइलमध्ये उतरवून घ्यायच्या, मधलं बोलणं आणि लेकराचं रडणं ठेवून. आणि पुढच्या कार्यक्रमाला एक मोबाइल मंचाकडे लावला तर दुसरा सतरंजीवर, म्हाताऱ्या बायांच्या बाजूला ठेवायचा. चार्जिंग पहाटेपर्यंत पुरंल असा.