कथेतले बारा

आमच्या ग्रामकथांत एक दोष वारंवार खटकतो. बाराचे ठोके पडले, की लेखकाचा सूर्य माथ्यावर आलाच! वस्तुतः १९०६ साली लागू झालेली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. नंदुरबार तेथून सुमारे सव्वाआठ अंश पश्चिमेस. म्हणून त्या शिवारातील मध्यान्ह सरासरीने ३३ मिनिटे मागाहून येते. (मुंबईने आपली निराळी वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही, तो निव्वळ हट्ट नव्हे.) आणि खेड्यातील म्हातारीच्या तोंडी ‘वीस-पंचवीस मिनिटे थांब’ कशाला? घटका २४ मिनिटांची खरी. पण ‘घटकाभर टेक’ म्हणताना ती पळे थोडीच मोजते! अशी एक कथा मी वर्गात वाचली, तेव्हा सातपुड्याकडील एक विद्यार्थी हसला. मी पुस्तक मिटले.