वेबचा साचा आणि पेढीचा हिशेब

मोठ्या कंपन्यांच्या विखुरलेल्या संगणकप्रणालींना वेबची रचना मानवेल का, या वादात रॉय फील्डिंग यांच्या २००० सालच्या प्रबंधाची साक्ष हमखास काढली जाते. त्यातली एक कबुली मात्र गाळतात: सर्वांना एकच ठरीव इंटरफेस दिला की कार्यक्षमता घटते. पान दोनदा मागवले तर बिघडत नाही. पण एका खात्यातले पैसे दुसऱ्यात वळवताना उत्तरच आले नाही, तर? विनंती पुन्हा पाठवावी का, हे ‘पोस्ट’ सांगत नाही. व्यवहाराला क्रमांक देऊन ती सोय आपणच करायची. अर्थात दूरचा ऑब्जेक्ट जवळचा भासवणारा ‘कोर्बा’चा भ्रम (१९९४ मध्येच सन मायक्रोसिस्टिम्सच्या संशोधकांनी अशा भ्रमाविरुद्ध बजावले होते) मला अधिक घातक वाटतो. वेब निदान अंतर लपवत नाही.