‘नगण्य’ हवेची किंमत

नातेपुते येथील एका शाळेत आम्ही विज्ञानगप्पांसाठी गेलो होतो. पहाटे रस्त्यावर धावून सैन्यभरतीची तयारी करणारी काही मुले तिथे होती. क्लिंट ईस्टवुड यांचा ‘अमेरिकन स्नायपर’ (2014) त्यांनी पाहिला होता आणि वाद रंगला होता : अचूक नेमबाज कोणाचा, भूदलाचा की नौदलाचा? चित्रपटाचा नायक क्रिस काइल नौदलाच्या ‘सील’ पथकातला, त्यामुळे नौदलाचे पारडे जड होते.

चित्रपट चांगला आहे. नेमबाजाचा संयम आणि घरी परतल्यावरची त्याची अस्वस्थता त्यात नेमकी उतरली आहे. आमचा आक्षेप आहे तो एका प्रसंगाला. नायक सुमारे 1,920 मीटरांवरून प्रतिस्पर्धी नेमबाजाला टिपतो. गोळी पडद्यावर संथ गतीने जाताना दिसते. तिला अडवणारी हवा मात्र दिसत नाही.

आता हिशेब करू. गोळी सेकंदाला 900 मीटर वेगाने निघाली असे समजा. पाठ्यपुस्तकाच्या रीतीने हवेचा रोध नगण्य मानला, तर तिला 2.1 सेकंद लागतील आणि तेवढ्या वेळात ती सुमारे 22 मीटर खाली येईल. प्रत्यक्षात हवेमुळे तिचा वेग सतत घटतो. तिला 4 सेकंदांच्या आसपास लागतात आणि ती दुपटीहून अधिक खाली येते. शिवाय आडवा वारा आहेच. रोधामुळे झालेल्या उशिराला वाऱ्याच्या वेगाने गुणले, की गोळी किती बाजूला सरकेल याचा अंदाज येतो. चुलीचा धूर जेमतेम कलेल असा, सेकंदाला 1 मीटरचा वारा असला, तरी गोळी जवळजवळ 2 मीटर सरकते. तिथे दुसराच कोणी उभा असू शकतो. ‘नगण्य’ या शब्दाची ही किंमत!

दलांच्या चुरशीतही हवेला कोणी विचारत नाही. 1967 साली व्हिएतनाममध्ये अमेरिकेच्या मरीन दलातील कार्लोस हॅथकॉक यांनी 2,286 मीटरांचा विक्रम केला. 2002 साली कॅनडाच्या सैनिकांनी तो अफगाणिस्तानात मोडला, तोही 2,000 मीटरांहून अधिक उंचीवर. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने विरळ असते. कौशल्य सैनिकांचे खरेच. पण विरळ हवेचा वाटाही मोजायला हवा.

काइल यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार, 2008 साली त्यांनी झाडलेली अशी दूरची गोळी भूदलाच्या ताफ्याजवळ रॉकेट रोखलेल्या माणसावर होती. नौदलाच्या माणसाने भूदल राखले! चित्रपटाने त्याचे दोन नेमबाजांचे द्वंद्व केले. आपल्याकडे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत 1955 पासून तिन्ही दलांचे छात्र एकत्र शिकतात, ते उगाच नव्हे.

चित्रपटाला बोल लावताना आपणही वर्गात हवा वगळतो, हे विसरू नये. एकसारखे दोन कागद घ्या, एकाचा बोळा करा, दोन्ही एकदम सोडा. मग ‘नगण्य’ केव्हा म्हणायचे, हे मुलांनाच ठरवू द्या.

निघताना एका मुलाने विचारले, “सर, मग परीक्षेत कोणतं उत्तर लिहायचं?”

आम्ही म्हणालो, “पुस्तकातलंच लिही. पण खाली एक ओळ जास्त लिही : यात हवा धरलेली नाही.”