अडलेली चक्रं

अकोल्यात मोटर भरायचं, लेथचं किंवा पंपदुरुस्तीचं दुकान काढायचं म्हणजे भांडवल, जागा, वीज आणि एक दातेरी चक्र एवढ्या गोष्टी लागतात. पहिल्या दोन उसन्या मिळतात, तिसरी अधूनमधून मिळते. चक्र मात्र ज्याचं त्यानं काढायचं. एमआयडीसीतून फेरी मारा. फाटकाफाटकावर चक्र, चक्राच्या पोटात वीज, विजेच्या पोटात मालकाची इंग्रजी आद्याक्षरं आणि मालकाच्या पोटात समाधान!

एकट्या चक्राबद्दल माझी तक्रार नाही. दुःख आहे ते तीन चक्रांचं. ती एकमेकांच्या दातांत दात घालून त्रिकोणात बसवलेली असतात. दिसतात झोकदार. पण शेजारची दोन चक्रं नेहमी उलट दिशांना फिरतात. पहिलं उजवीकडे, दुसरं डावीकडे. मग दोघांच्याही दातांत अडकलेल्या तिसऱ्यानं जावं कुठं? दोन सुनांमधल्या सासऱ्यासारखं ते जागच्या जागी बसतं आणि सगळंच ठप्प होतं. म्हणजे यंत्रं चालू करून देणाऱ्याच्या पाटीवर जन्मात न चालणारं यंत्र! अर्थात यात अकोल्यानं एकट्यानं लाजायला नको. ब्रिटनमध्ये १९९८ साली चलनात आलेल्या दोन पौंडांच्या नाण्यावर १९ चक्रांचं कडं होतं. संख्या विषम, तेव्हा तेही फिरायचं नाही. फिरलं ते फक्त नाणं.

बोधचिन्ह कसं असावं? शेखर कामतांनी १९७१ साली स्टेट बँकेला दिलेलं पाहा. एक निळं वर्तुळ, त्यात किल्लीच्या भोकासारखी खाच. संपलं. फलकावर तेच, पासबुकावर तेच. पोरानं वाटी ठेवून काढावं इतकं सोपं. आमच्या चिन्हाला एकदा रबरी शिक्क्यात घालून बिलावर उठवा. चक्र, वीज, आद्याक्षरं मिळून एक जांभळं डबकं होतं.

आता मालकाचा मुलगा पुण्याहून शिकून येतो आणि चक्र हटवतो. त्याजागी येते एक तिरकी निळी पाकळी आणि खाली बारीक इंग्रजीत 'सोल्युशन्स'. दुकान मोटरचं, औषधांचं की विम्याचं, ते कळू नये अशी पक्की व्यवस्था. जुना पेंटर निदान विचारायचा, ''पाटी किती दुरून वाचायची हाये, भाऊ?'' समीक्षेचा एवढा नेमका प्रश्न मी दुसरा ऐकला नाही. आणि देवनागरीची अडचण म्हणावी, तर र. कृ. जोशींनी त्या अक्षरांसाठी हयात घालवली; संगणकातला 'मंगल' टंक त्यांचाच. अक्षरं तयार आहेत, लाज तेवढी आडवी येते.

पाटी कुणासाठी असते? पातूरकडून भर उन्हात मोटरसायकलला जळालेली मोटर बांधून आलेल्या माणसासाठी. तिकडे त्याचा कांदा पाण्यावाचून माना टाकतोय. तो पाकळीसमोर उभा राहतो, वर बघतो, खाली बघतो आणि शेवटी शेजारच्या चहावाल्याला विचारतो, ''काहो, इथी मोटर भरून भेटते काय?''

''हौ, हेच होय. पाटी नका पाहू, आतमंधी जा.''